प्रोग्रेसिव्ह प्रेस सारखा अडतोय? ॲक्सेसरी मागवण्याआधी तो कुठे अडतो ते शोधा

तक्रार साधारण अशी असते. नवा रीलोडिंग प्रेस, म्हणजे झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्यांतून पुन्हा काडतुसं बनवायचं यंत्र, बसवला, सुरुवातीचे राउंड झकास निघाले. मग हँडल अर्ध्यात अडायला लागलं. जरा मागे घेतलं, पुन्हा दाबलं, निघालं. थोड्या वेळाने परत तेच. रात्री माणूस कॅटलॉग उघडतो आणि केस फीडर (पुंगळ्या आपोआप चारणारा), बुलेट फीडर, कुणीतरी व्हिडिओत दाखवलेलं बेअरिंग किट असं सगळं एकदम मागवतो. पार्सल येतं, शनिवार-रविवार बसवण्यात जातो, आणि प्रेस आता आधीपेक्षा जास्त वेळा अडतो. वेग वाढला, पण मूळ दुखणं जागच्या जागीच राहिलं.

अडण्यात फक्त वेळ वाया जात असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण प्रोग्रेसिव्ह प्रेसवर खरा धोका नेमका अडण्यातच असतो. सिंगल स्टेज प्रेसवर आपण एक काम सगळ्या पुंगळ्यांवर उरकतो, मग पुढचं काम घेतो. पावडर भरलेल्या पन्नास पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या असतात आणि टॉर्च मारून सगळ्यांत एकदम डोकावता येतं. प्रोग्रेसिव्हवर हँडलच्या एका खेपेत प्रत्येक स्टेशनवर वेगळं काम होतं: एकीकडे जुना प्रायमर (तळातली ठिणगी देणारी छोटी टोपी) निघतो, एकीकडे नवा बसतो, एकीकडे पावडर पडते, एकीकडे बुलेट बसते. हे सगळं तालात चाललं तरच बरोबर चालतं. हँडल अर्ध्यात थांबलं की ताल तुटतो आणि कुठल्या पुंगळीत पावडर पडली, कुठलीत अर्धी पडली, कुठलीत दोनदा पडली हे सांगणं अवघड होतं. रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट निघते आणि बंदुकीच्या नळीत अडकून बसते. ते लक्षात न येता पुढची गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. दोनदा पडली तर काय होतं ते सांगायला नको.

म्हणून कुठलीही ॲक्सेसरी घेताना मी दोन गोष्टी बघतो. तिच्यामुळे अडणं कमी होतं का? आणि अडलंच, तर आत काय झालं ते दिसतं का? वेगाचा विचार त्यानंतर.

आधी कायद्याचं

हे सगळं अमेरिकेच्या संदर्भात लिहितोय. इथे स्वतःच्या वापरासाठी रीलोडिंग करायला फेडरल परवाना लागत नाही. तयार काडतुसं विकायची असतील तर मात्र टाइप ०६ लायसन्स लागतं. मित्राला ‘नुसते खर्चाचे पैसे घेऊन’ देणं या वाटेलाही जाऊ नका. राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे असतात, ते आपापले तपासा.

आपल्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचं असं की एच-१बी, एफ-१ असे नॉनइमिग्रंट व्हिसा असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. ऑफिसातले सगळे रेंजवर जातात म्हणून आपणही प्रेस घेऊन टाकला, असं करू नका. भारतात तर १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायलाच परवाना लागतो, त्यामुळे तिकडे घरी हा उद्योग करण्याचा प्रश्नच येत नाही. आणि रेंजवर वापरलेली बॅग भारतात जाताना सामानासाठी घेऊ नका. कप्प्यात विसरलेल्या एका जिवंत काडतुसावरून तिकडच्या विमानतळांवर गुन्हे दाखल झालेले आहेत.

ऑलिंपिकनंतर काही जण हमखास विचारतात म्हणून हेही सांगतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं ती रायफल .२२ रिमफायर. रिमफायरचं प्रायमिंग मिश्रण पुंगळीच्या कडेतच असतं, त्यामुळे ती पुंगळी एकदा वापरली की भंगारात जाते. इथलं सगळं सेंटरफायरबद्दल, म्हणजे तळाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसणाऱ्या काडतुसांबद्दल आहे, आणि उदाहरणं बहुतेक ९ एमएमची.

अडला की पहिल्यांदा काय

जोर लावायचा नाही. हँडलवरचा हात काढा आणि नेमकं कुठे थांबलंय ते बघा. खाली येताना की वर जाताना? खेपेच्या सुरुवातीला, मध्ये, की अगदी शेवटी? प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि त्यावरूनच काय विकत घ्यायचं ते ठरतं. प्रेसजवळ वही ठेवा आणि प्रत्येक वेळी एक ओळ लिहा: कुठल्या स्टेशनला, हँडल कुठे असताना, पुंगळीच्या तळावर कंपनीचा कुठला शिक्का होता. थोडे दिवस लिहिलंत की नमुना आपोआप दिसतो. बहुतेकांच्या वहीत एकच कारण पुन्हा पुन्हा येतं.

अडथळा काढल्यावर पावडर स्टेशनवरची पुंगळी आणि त्याच्या पुढच्या, अजून बुलेट न बसलेल्या सगळ्या पुंगळ्या काढून रिकाम्या करा. ‘हिच्यात पडली असावी’ असा अंदाज बांधू नका. बुलेट अर्धवट बसली असेल तर ती वेगळ्या डब्यात टाका. सावकाश बुलेट पुलरने उघडता येते.

हँडल मागे-पुढे करण्याची सवय कुठल्या प्रेसवर किती घातक हे त्याच्या रचनेवर ठरतं. डिलन कंपनीच्या ५५०वर चार स्टेशनं असतात आणि शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी फिरती चकती) हाताने फिरवावी लागते. अडथळ्याच्या गडबडीत फिरवायची राहिली की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर. डिलनच्याच ७५० किंवा हॉर्नडीच्या लॉक-एन-लोडवर पाच स्टेशनं असतात आणि प्लेट आपोआप पुढे सरकते, त्यामुळे दोनदा पडण्याची शक्यता कमी. पण हँडल अर्ध्यातून परत घेतलं तर अर्धी पावडर पडून पुंगळी पुढे गेलेली असू शकते. टाइटग्रुपसारखी दाट आणि वेगाने जळणारी पावडर ९ एमएमच्या पुंगळीत इतकी कमी जागा घेते की दुप्पट पडली तरी पुंगळी ओसंडत नाही. डबल चार्ज झाल्यावर उघड दिसेल अशी फुगीर पावडर वापरणं हा खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय, पण ती कुठल्याच ॲक्सेसरीच्या यादीत सापडत नाही.

हँडल खाली येताना, सुरुवातीलाच अडतं

हे सायझिंग (पुंगळी पुन्हा मूळ मापात आणणं) आणि डीकॅपिंगचं (जुना प्रायमर ढकलून काढण्याचं) स्टेशन. इथे दोष बहुतेक वेळा प्रेसचा नसतो, पुंगळीचा असतो. रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्यांत .३८० सर्रास मिसळलेली असते. ९ एमएमची पुंगळी १९.१५ मिलिमीटर लांब आणि .३८०ची साधारण १७.३, म्हणजे बादलीत डोळ्यांनी फरक कळत नाही. त्यातून ज्या प्रेसवर पुंगळीच पावडर मेजरला (पावडर मापून टाकणाऱ्या भागाला) वर ढकलते, तिथे आखूड पुंगळी पूर्ण ढकलत नाही आणि पावडर कमी पडते. म्हणजे ही भेसळ फक्त अडवत नाही, चुकीचं काडतूसही तयार करते. शिवाय पुंगळीत खडे सापडतात, .२२ची रिकामी पुंगळी आत अडकलेली सापडते, ओल्या टंबलिंगमधल्या (पुंगळ्या ड्रममध्ये घोळवून साफ करण्यातल्या) स्टीलच्या पिना सापडतात. डीकॅपिंग पिन तुटली की शंभरातल्या नव्वद वेळा असलंच काहीतरी आत असतं.

इथे दोन-तीन गोष्टी उपयोगी. पहिली म्हणजे चाळणी. कॅलिबरप्रमाणे भोकं असलेल्या प्लास्टिकच्या चाळण्या मिळतात. धान्य पाखडल्यासारख्या हलवल्या की .४५ वर, .४० मधल्या चाळणीत आणि ९ एमएम खाली. .३८० मात्र ९ एमएमबरोबरच खाली येते, तिला वेगळी काढायची तर तळाचा शिक्काच वाचावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण मॅच बघता बघता होतं.

दुसरी म्हणजे लूब, म्हणजे वंगण. पिस्तूल कॅलिबरच्या कार्बाइड डायला (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्याला) लूब लागत नाही असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. तरी लावा. हलकासा लॅनोलिनचा थर असला की हँडल लोण्यासारखं जातं, धक्के कमी बसतात, आणि धक्के कमी म्हणजे पुढच्या पुंगळीतली पावडर कमी हलते. हॉर्नडी वन शॉट चालतो. घरी करायचं तर एक भाग पातळ लॅनोलिन आणि दहा-बारा भाग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. फवारायचं ते गॅरेजच्या बाहेर, वॉटर हीटरच्या पायलट ज्योतीपासून लांब, आणि अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबायचं. रायफलच्या बाटलीसारख्या मानेच्या पुंगळ्यांना मात्र लूब लावायलाच हवं, नाहीतर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की काढायला वेगळं किट लागतं.

तिसरी, डीकॅपिंगची पिन. कधीकधी जुना प्रायमर खाली पडतच नाही. पिनेला चिकटून परत वर येतो, पुन्हा प्रायमरच्या खाचेत बसतो, आणि पुढे नवा प्रायमर बसवताना सगळं अडतं. अडतं प्रायमिंगला, कारण असतं आधीच्या स्टेशनवर. वही इथे कामाला येते. त्यावर स्प्रिंगने झटका देऊन प्रायमर झाडणाऱ्या पिना असतात. वहीत हे कारण वारंवार दिसलं तरच घ्या.

हँडल पुढे ढकलताना अडतं

५५०, ७५०, हॉर्नडी यांवर प्रायमर बसतो तो हँडल वर नेऊन पुढे ढकलताना. डिलनच्या ११००वर तो खाली येतानाच बसतो, त्यामुळे ११००वाल्यांनी हा भाग उलटा वाचावा.

इथे अडण्याचं मुख्य कारण म्हणजे लष्करी किंवा तशा पद्धतीने बनवलेल्या पुंगळ्यांमधला प्रायमरभोवतीचा क्रिंप, म्हणजे प्रायमर घट्ट धरायला दाबलेली कड. जुना प्रायमर निघतो, पण खाचेच्या काठावर धातूची बारीक कड राहते आणि नवा प्रायमर तिच्यावर आपटतो. इथे जोर लावणं हा सगळ्यात वाईट निर्णय. प्रायमर चेपला जातो, आडवा होतो, आणि क्वचित फुटतो. दुसरं कारण .४५ एसीपीमध्ये दिसतं: बहुतेक पुंगळ्यांना मोठा प्रायमर, साधारण ०.२१० इंचाचा, पण काही कंपन्या त्याच कॅलिबरला ०.१७५ इंचाचा छोटा वापरतात. बादलीत एक जरी तशी आली तर हँडल दगडावर आपटल्यासारखं थांबतं.

क्रिंपवर उपाय म्हणजे स्वेजर, ती कड दाबून सपाट करणारं साधन. डिलनचा सुपर स्वेज ६०० बेंचवर बसतो आणि एकेक पुंगळी घ्यावी लागते. ११००मध्ये स्वेजिंगचं स्टेशन आतच आहे. ९ एमएमसाठी स्वेजर घ्यायचा की नाही, यावर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. ९ एमएमच्या रिकाम्या पुंगळ्या इतक्या स्वस्त मिळतात की क्रिंपवाले शिक्के ओळखून त्या भंगारात टाकणं परवडतं. .२२३ची गोष्ट वेगळी, तिथे लष्करी पुंगळ्या भरपूर असतात आणि स्वेजर पैसे फेडतो.

आणि हे सगळं करूनही प्रायमर उंच राहत असतील तर आधी शेलप्लेटचा बोल्ट बघा. तो ढिला झाला की प्लेट तिरकी होते. प्लेटखाली सांडलेली पावडर साचली तरी प्रायमर पंच पूर्ण वर येत नाही. एक जुना टूथब्रश आणि कॅन्ड एअर, एवढीच ॲक्सेसरी.

प्रायमरबद्दल एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण चुकीची ॲक्सेसरी इथे जीवावर बेतू शकते. प्रायमर मॅगझिनमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या उभ्या नळीत, शंभर प्रायमर एकावर एक असतात. एक फुटला तर बाकीचे साखळीने फुटू शकतात, आणि म्हणूनच त्या नळीभोवती स्टीलचं कवच असतं. ते काढून पारदर्शक नळी बसवायची टूम अधूनमधून दिसते, ‘किती उरले ते दिसतं’ म्हणून. किती उरले ते सांगायला बझर असतो. कवच राहू द्या, डोळ्यांवर गॉगल ठेवा. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवा, डब्यात ओतून नाही. घरात किती साठा ठेवायचा याला एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षेच्या मानकाचा आधार घ्या: प्रायमर १०,००० पर्यंत, धूररहित पावडर मूळ डब्यांत २० पाउंडांपर्यंत. स्थानिक फायर कोड याहून कडक असू शकतो.

प्रायमर नळीत भरायला कंटाळा येतो हे खरं. टोकाने एकेक टिपत शंभर भरायला काही मिनिटं जातात, आणि सत्राच्या मध्येच थांबून भरायला लागलं की लक्ष तुटतं. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे तीन-चार जादा पिक-अप ट्यूब. आधी सगळ्या भरून ठेवायच्या, मग प्रेसला बसायचं. मोटरवाले फिलर छान असतात, पण जादा ट्यूबांनी ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी.

नळीतल्या शंभराचा एक फुकट फायदाही आहे. शंभर प्रायमर संपले की डब्यात शंभर काडतुसं हवीत. बाद केलेली धरून हिशोब लागत नसेल तर पुढचा राउंड भरण्याआधी कारण शोधा.

अडत नाही, पण पावडर सांडते

शेलप्लेट आपोआप फिरणाऱ्या प्रेसवर हे खूप दिसतं. प्लेट शेवटच्या क्षणी खटकन जागेवर बसते आणि भरलेल्या पुंगळीतली पावडर उडते. ९ एमएमची पुंगळी आखूड, आणि पावडर फुगीर असेल तर काठापर्यंत भरलेली. शेलप्लेटखाली नीडल बेअरिंग आणि हलका डिटेंट स्प्रिंग (प्लेट जागेवर अडकवणाऱ्या गोळीचा) बसवला की खटका बराच सौम्य होतो. छोट्या खर्चात खरोखर फरक पाडणारी ही गोष्ट आहे. पण बसवण्याआधी दोन फुकटचे उपाय करून बघा: हँडल शेवटच्या इंचात हळू सोडा, आणि बुलेट बसवणारा हात पुढच्या पुंगळीजवळ तयार ठेवा. बोटाने प्लेट हलकेच रोखणारेही लोक आहेत.

पावडरचं वजन सत्रभर हळूहळू सरकत असेल तर ते वेगळं दुखणं. बहुतेक जण पावडर मेजरलाच दोष देतात आणि पावडरचं माप बारकाईने बदलता येणारा मायक्रोमीटरवाला बार विकत घेतात. मी आधी टेबल हलवून बघायला सांगतो. प्रत्येक खेपेला बेंच हलत असेल तर हॉपरमधली (मेजरवरच्या साठ्याच्या नळकांड्यातली) पावडर दबून घट्ट बसते आणि तेवढ्याच पोकळीत जास्त पावडर मावते. मेजर आकारमान मोजतं, वजन नाही. बेंच भिंतीला बोल्टने बांधा. मग हॉपरमध्ये छोटा बॅफल टाका. वरच्या पावडरचा भार तो अडवतो, त्यामुळे हॉपर भरलेला असो वा अर्धा, खाली दाब साधारण सारखा राहतो. हा काही डॉलरचा पत्र्याचा तुकडा महागड्या बारपेक्षा जास्त काम करतो. इथे ॲरिझोनाच्या कोरड्या हिवाळ्यात स्टॅटिकमुळे बारीक पावडर प्लास्टिकला चिकटते. हॉपर ड्रायर शीटने आतून पुसला की ते थांबतं.

प्रेस उंच करणारे माउंट मिळतात. उभं राहून काम करणाऱ्याला ते कंबरेसाठी चांगले, आणि पुंगळीत वरून डोकावता येतं हा मोठा फायदा. पण डळमळीत बेंचवर उंच माउंट बसवला तर डळमळ वाढते. क्रम चुकवू नका.

पावडर दिसावी म्हणून

एकच ॲक्सेसरी घ्यायची असेल तर दिवा घ्या. डायच्या मधल्या भोकातून किंवा प्रेसच्या कमानीखालून पावडर स्टेशनच्या पुढच्या पुंगळीवर सरळ पडणारा एलईडी. बुलेट ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत नजर टाकायची सवय लागते, कारण आत दिसतं. बसून काम करणाऱ्यांना नजर पोहोचत नसेल तर छोटा आरसा किंवा छोटा कॅमेरा.

त्यानंतर पावडर चेक. हॉर्नडीचा पावडर कॉप म्हणजे पुंगळीत उतरणारी काडी, पावडर किती वर आहे ते तिच्या उंचीवरून कळतं. पण बघायचं तुम्हालाच. डिलनचा पावडर चेक पावडर जास्त किंवा कमी असली की बझर वाजवतो. आरसीबीएसचा लॉक-आउट डाय तर हँडलच अडवतो. मला तिसरा आवडतो, कारण थकलेल्या माणसाला बझर ऐकू येतो पण हात पुढे गेलेला असतो. मात्र या तिघांपैकी कुठल्याहीकडून बारीक फरक पकडण्याची अपेक्षा नको. रिकामी आणि दुप्पट, एवढंच त्यांचं काम. ग्रेनच्या दहाव्या भागाचा हिशोब काट्यावर. एका पाउंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि त्याचा दहावा भाग इलेक्ट्रॉनिक काटा एसीच्या झुळकीनेही चुकवतो. काटा आधी चालू करून तापू द्या, चेक वेट ठेवून बघा, आणि सत्राच्या सुरुवातीला दहा चार्ज एकत्र वजन करून सरासरी काढा.

पण पावडर चेकला स्वतःचं स्टेशन लागतं, आणि इथेच बऱ्याच जणांचा हिशोब बिघडतो. ५५०च्या चार स्टेशनांत सायझिंग, पावडर, सीटिंग (बुलेट बसवणं), क्रिंप (पुंगळीचं तोंड बुलेटभोवती बंद करणं) हे चारही भरलेले. चेकला जागा हवी तर सीटिंग आणि क्रिंप एकाच डायवर करावं लागतं. पाच स्टेशनांवर चेक बसतो, पण मग बुलेट फीडरला जागा उरत नाही. दोन्ही हवे असतील तर पुन्हा सीटिंग आणि क्रिंप एकत्र, किंवा ली सिक्स पॅक प्रो, आरसीबीएस प्रो चकर ७, ११०० असा जास्त स्टेशनांचा प्रेस. बुलेट फीडर आणि पावडर चेक यांतलं एकच बसणार असेल, तर बुलेट फीडर घेणारे लोक मला समजत नाहीत. बुलेट हाताने ठेवताना पुंगळीत नजर जाते. फीडर आला की तीही जात नाही, आणि त्याच वेळी चेकही काढून टाकलेला असतो.

तयार झाल्यावर

केस गेज, म्हणजे काडतूस मापात बसतं का ते बघायचा भोकांचा ठोकळा, हवाच. शंभर भोकांचा ठोकळा असेल तर शंभर काडतुसं एकदम उलटी टाकून कुठली वर राहिली ते दिसतं, आणि बुडं वर असल्याने उंच राहिलेले प्रायमर तिरक्या प्रकाशात लगेच कळतात. पण गेजमध्ये न बसलेली प्रत्येक गोळी वाईट नसते. पिस्तुलाची नळी काढून तिच्यात टाकून बघा, ती सहज पडली, फिरली आणि आपसूक बाहेर आली तर सरावाला चालेल. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी मात्र गेजचंच ऐका. बरीच काडतुसं गेजमध्ये अडत असतील तर क्रिंप डायची सेटिंग बघा. तिथे क्रिंप म्हणजे बुलेट ठेवता यावी म्हणून घंटेसारखं रुंद केलेलं तोंड सरळ करणं एवढंच अपेक्षित आहे, बुलेट आवळणं नाही.

वेगाच्या वस्तू

केस फीडर घ्या, वही कोरी राहायला लागल्यावर. त्याने पुंगळ्या हाताने ठेवायचं काम सुटतं आणि हाताला फक्त बुलेटचं काम उरतं. मिसळलेल्या पुंगळ्या तो त्याच इमानदारीने प्रेसला चारतो, म्हणून चाळणी आधी.

रोलर हँडल ही चैन वाटते, पण ज्यांचं मनगट दुखतं त्यांनी जरूर घ्यावं. बुलेट ट्रे, तयार काडतुसांचा मोठा डबा, वापरलेल्या प्रायमरसाठी बंद बाटलीत जाणारी नळी हे सगळं छोटं पण उपयोगी. शेवटची तर मला चैन वाटतच नाही. प्रायमरच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं, जुन्या प्रायमरची काजळी बोटांना लागते. घरात लहान मुलं असतील तर कोरडं टंबलिंग झाकण लावून बाहेर, किंवा सरळ ओलं टंबलिंग. काम झालं की साबणाने हात धुवा, आणि प्रेसजवळ चहा-चिवडा नको.

मोटर ड्राइव्हबद्दल विचारलं जातंच. हाताला जो अडथळा जाणवतो तो मोटरला जाणवत नाही. क्लच असतो, सेन्सर असतात, तरी प्रायमर किंचित घट्ट बसला, पुंगळी सायझिंगला जरा वेगळी वाटली, हे फक्त तळहाताला कळतं. ज्यांचा प्रेस हाताने चालवताना अडत नाही आणि ज्यांना दर आठवड्याला हजारो राउंड लागतात, त्यांनी मोटरचा विचार करावा. अडणाऱ्या प्रेसला मोटर लावू नका.

सुटे भाग

यावर कुणी पैसे खर्च करत नाही आणि रविवारी दुपारी दुकान बंद असतं. तुमच्या मॉडेलचं स्पेअर किट घ्या. डीकॅपिंग पिना, पुंगळी जागेवर धरणारी बटणं, प्रायमर ट्यूबची प्लास्टिकची टोकं, पावडर मेजरचा रिटर्न स्प्रिंग आणि शेलप्लेटखालचा डिटेंट बॉल व त्याचा स्प्रिंग एवढं त्यात आहे ना ते बघा. शेवटचे दोन जादा मागवा. प्लेट काढताना तो स्प्रिंग उडतो आणि वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसतो, म्हणून प्लेट सोडवताना एक बोट तिच्यावर दाबून ठेवा आणि खाली चुंबकाची थाळी ठेवा.